भोक पडलेला रुपया

"तोंड उघड. जीभ वर कर."

सानवीने आ केला. तोंडात अर्धी विरघळलेली लिमलेटची गोळी होती, दुसरं काही नाही. तरी शमिकाने बोट फिरवून पाहिलं. मारुती मंदिराकडच्या त्या हॉलमध्ये शिरल्यापासून चौथ्यांदा. सगळीकडे टेबलं, टेबलांवर नाणी, आणि टेबलांची उंची नेमकी चार वर्षांच्या पोरीच्या हनुवटीएवढी. प्रदर्शन मांडणाऱ्यांपैकी एकालाही पोरं नसावीत.

"तिला घरीच ठेवायची होतीस गो," हौसा मागे न वळता म्हणाली.

"कोणाजवळ?"

दिवाळीपर्यंत सानवीला सांभाळायला मालन होती. स्वयंपाकही तीच करायची, तीन वर्षं. दिवाळीच्या साफसफाईत देव्हाऱ्यातली पितळी डबी रिकामी निघाली, आणि त्याच दुपारी हौसा मालनच्या दारात जाऊन उभी राहिली. बंदरावर पन्नास माणसांत आपली बोली ऐकवणारा तो आवाज. "माझा रुपया दे मेले, चोरटे!" अख्खी आळी बाहेर आली होती. शमिका सासूच्या मागे चार पावलांवर होती. मालनताई असं करणार नाही, हे ती मनात कितीदा म्हणाली. तोंडाने एकदाही नाही.

आणि आता तो रुपया इथे, लॉट नंबर त्रेसष्ट. कॅटलॉगात एका ओळीत उरकलेला: राणीछाप रुपया, १८६२, चौकोनी छिद्र, राखीव किंमत पंधराशे.

ते छिद्र हौसाच्या नवऱ्याच्या, भागोजी तांडेलाच्या, आजोबांचं. त्यांनी आपल्या पहिल्या होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हा रुपया खिळ्याने ठोकला होता. होडी मोडली की खिळा उपसायचा, आणि नव्या होडीवर त्याच भोकातून नवा खिळा मारायचा. अशा चार होड्या झाल्या. चौथी सात वर्षांपूर्वी मोडीत गेली आणि रुपया देव्हाऱ्यात आला. नारळी पौर्णिमेला तो बाहेर काढायचा, दुधाने धुवायचा आणि म्हाताऱ्या भागोजीच्या तळहातावर ठेवायचा. रुपया गेलाय हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

कॅटलॉगातला फोटो शमिकाच्या नवऱ्याने, रितेशने, जयगडहून पाठवला. त्याच्याबरोबर पोर्टवर काम करणाऱ्या कोणाला तरी नाण्यांचा नाद होता, त्याच्या फोनवर तो फिरत आला होता. शमिकाने आयोजकांना फोन केला, तर म्हणाले, विकणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नाही, तो नियम आहे. पोलिसांत जावं असं ती म्हणाली. हौसा म्हणाली, "आणि रुपया पंचनाम्यात अडकला म्हंजे? ह्यांच्या हयातीत परत मिळायचा नाय तो. सरळ बोली लावू." मग गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात ठरलं: तीस हजारांपर्यंत, वर नाही. हौसा, तिची जाऊ गुणवंती, गुणवंतीचा दीपेश आणि शमिका, चौघंच होते. रितेशने फोनवर 'बरं' म्हटलं.

बंदरावर हौसाने आपला आकडा कधी शेजारणीलाही सांगितला नसता. पण ही घरची माणसं होती.

"लॉट त्रेसष्ट!" लिलाव पुकारणारा पुण्याचा होता, काळा कोट, गोड आवाज. "राणीछाप, थोडासा जखमी आहे बरं का मंडळी. पंधराशेपासून सुरुवात."

हॉलमध्ये दोघं-तिघं हसले. हौसाने अठरा नंबरचं पॅडल उचललं.

"पंधराशे, अठरा नंबर. दोन हजार कोणी?"

मागून कोणीतरी उचललं. एकतीस नंबर. तिशीतला माणूस, अर्ध्या बाह्यांचं जाकीट, पाय पसरून बसलेला.

"अडीच," हौसा म्हणाली.

"पॅडल दाखवलंत तरी पुरे आहे, मावशी."

"मला तोंड हाय."

पाच हजार. सात. नऊ. शमिका सानवीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थ मान हलवू लागले. सकाळीच ओळख झाली होती, लांज्याचे रावजी मास्तर, निवृत्त शिक्षक, घरी चारशे नाणी.

"तुमच्या सासूबाई का?" ते कुजबुजले. "थांबवा त्यांना."

"का हो?"

"भोक पडलं की नाणं संपलं. मग उरते ती चांदी. आज चांदी चढलीय म्हणून दोन, फार तर अडीच हजार. कुठलाही संग्राहक याला हात लावणार नाही."

"मग तो एकतीस नंबर?"

मास्तरांनी चष्मा वर सरकवून मागे पाहिलं. "मी वीस वर्षं ही प्रदर्शनं फिरतोय. या माणसाला आज पहिल्यांदा बघतोय."

चौदा हजार. सोळा.

आता शमिका वळून त्याच्याकडेच बघत बसली. पोर सांभाळणाऱ्या बाईला एक सवय लागते: जिथे आवाज होतो तिथे नाही बघायचं, जिथे हात जातो तिथे बघायचं. एकतीस नंबरचा हात वर जायच्या आधी त्याची मान खाली जायची, गुडघ्याकडे. तिथे फोन होता. पुकारणाऱ्याकडे तो एकदाही बघत नव्हता. पडद्यावर मोठा करून लावलेल्या रुपयाकडेही नाही.

"बाय, जपून हां," गुणवंती हौसाच्या दंडाला धरून म्हणाली. तिचे हात गार पडले होते. "आकडा लय वर गेलो."

"जाऊ दे वर. तो बघ घामाघूम झालाय."

तो अजिबात घामाघूम झाला नव्हता.

सत्तावीस. अठ्ठावीस. हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं. "एकोणतीस, एकतीस नंबर! मावशी?"

"तीस," हौसा म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

एकतीस नंबरने पॅडल शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. पाय आखडले. पाठ मागे टेकली. अजून 'एक वार'सुद्धा झालं नव्हतं, आणि तो गाडीतून उतरायच्या तयारीत असल्यासारखा बसला होता.

शमिका खुर्चीवरच्या त्या पॅडलकडे बघत राहिली. तीस ही आमची भिंत आहे, हे याला कोणी सांगितलं?

चौघंच होते स्वयंपाकघरात.

"तीस हजार, एक वार..."

तिने फोन कानाला लावला. पलीकडे कोणीच नव्हतं. "हां, बोला!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की सानवी दचकली. "काय? पन्नासपर्यंत? नक्की ना? बरं, सांगते आईंना." मग ती सासूकडे वाकली. "आई, हे म्हणतायत पन्नासपर्यंत जा. पैशांचं ते बघतील."

हौसाच्या चेहऱ्यावर उजेड आला. शमिकाला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. पण तिने मान मागे वळवली. मागच्या रांगेत बरोब्बर तिच्या पाठीमागे दीपेश बसला होता. त्याचा अंगठा फोनवर चालत होता.

"दोन वार..."

चार रांगा मागे एकतीस नंबरच्या गुडघ्यावर उजेड पडला. त्याने खाली पाहिलं, गोंधळला, आणि घाईघाईत पॅडल शोधून वर केलं.

"एकतीस हजार! नवी बोली!"

हौसाचा हात वर निघाला. शमिकाने तो मनगटाशी पकडला.

"सोड गो! पन्नासपर्यंत म्हणालीस ना?"

"आई, घरची बोली आहे ही."

* * *

घरची बोली. हे दोन शब्द बंदरावरचे होते, शिकलेल्या सुनेच्या तोंडून हौसाने कधी ऐकले नव्हते.

टोपलीच्या मालकाचाच माणूस गर्दीत उभा राहून भाव चढवायला लागला की त्याला घरची बोली म्हणत. सापडला की मग कोणी भांडत बसत नसे. सगळ्या बायका आपापल्या रिकाम्या टोपल्या उपड्या घालत आणि मालकाकडे पाठ करून उभ्या राहत. त्याचं म्हावरं उन्हात पडून राही. हौसाने असं आयुष्यात तीनदा केलं होतं. तिन्ही वेळा समोर परका होता.

सुनेची नजर गेली तिकडे तिने पाहिलं. दीपेश. फोन खिशात घालत होता, आणि तो खिशात नीट जात नव्हता.

याचा बाप, तिचा दीर भिवा, गेला तेव्हा हा सहावीत होता. तिच्याच पानावर जेवला. शाळेची फी, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या. मोठी आई, मोठी आई करत पदराला धरून फिरला.

"एकतीस हजार, तीन वार!" हातोडा पडला. "विकलं!"

हौसा उभी राहिली. पॅडल नंबर खाली करून तिने समोरच्या टेबलावर असं आपटलं की तिथल्या बाटलीतलं पाणी हिंदकळलं.

"कोणाला विकलंस रे? ज्याचा माल त्यालाच?"

"मावशी, बोली संपली..."

"घरची बोली हाय ही! त्या जाकिटवाल्याला विचार, ह्यो रुपया त्याला कशाला हवा. विचार!"

सगळ्या माना एकतीस नंबरकडे वळल्या. रावजी मास्तरही उठले होते. "विचारा हो," ते थरथरत्या आवाजात म्हणाले. "आम्ही इथे विश्वासाने येतो. विकणाऱ्यानेच बोली चढवायची असेल तर आम्ही घरी जातो."

"बरोबर आहे," दुसरीकडून कोणीतरी म्हणालं. "विकणाऱ्याचा फॉर्म काढा."

जाकिटवाला दाराकडे सरकला, पण दारात माणसं उभी होती. "मला काय विचारता?" तो एकदम म्हणाला. "मला दोन हजार देतो म्हणाला. नुसतं बसायचं आणि फोन बघायचा. त्याला विचारा, तो निळा शर्टवाला."

आयोजक वही घेऊन आला. पान उलटलं. नाव वाचायची त्याला गरजच पडली नाही. दीपेश स्वतःच उभा राहिला.

* * *

सगळे बघत होते, आणि दीपेशला गंमत वाटली की त्याला भीती वाटत नव्हती.

"हो, मीच दिला लिलावाला," तो म्हणाला. "माझ्या बापाचा पण होता तो."

"मग मागायचास!" हौसा.

"मागितला होता. होडी मोडली त्या दिवशी. तू काय म्हणालीस मोठी आई? तांडेलाच्या घरात राहील तो, होडी हाकणाऱ्याच्या. माझा बाप कोण होता? खलाशी? पंधरा वर्षं त्याच होडीवर होता तो. होडीची लाकडं विकली, इंजिन विकलं, मला कोणी विचारलं? त्या पैशांत रितेशदादाचा कोर्स झाला. माझं काय झालं?"

हे सगळं खरं होतं. मनात कितीतरी वर्षं घोटलेलं, एकेक शब्द गुळगुळीत झालेला. त्यांनी पैसे मोजून द्यावेत एवढंच त्याला हवं होतं. मागून मिळाला नाही, तर विकत घ्या. मोठ्या आईने तीस हजार म्हटलं तेव्हा त्याला आनंद झाला होता. कशाचा, ते त्याने तपासलं नव्हतं.

"माझ्या लेकाला सगळ्यांसमोर चोर करू नका," गुणवंती रडत म्हणाली. "त्याच्या बापसाचा वाटा होताच बाय, तू पण जाणतस."

हौसाचा चेहरा हलला. दीपेशने ते पाहिलं. अजून एक क्षण गेला असता तर मोठी आई मऊ पडली असती. त्याला माणसं कळत होती.

"भावजी," शमिका म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. कडेवरची पोर तिच्या खांद्यात तोंड खुपसून होती. "वाट्याचं नंतर बोलू. आई मालनताईच्या दारात ओरडत होत्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

तो तिथेच होता. मोटारसायकलवर, आळीच्या तोंडाशी. मालनचं नाव निघेल असं त्याला वाटलंच नव्हतं. निघालं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

आयोजकाने बोली रद्द केली, प्लास्टिकच्या पाकिटातला रुपया आणून त्याच्या हातात दिला आणि त्याचं नाव यादीतून कायमचं काढून टाकल्याचं सांगितलं. हौसाने तळहात पुढे केला. मागितलं नाही, नुसता हात. दीपेशने पाकीट त्यावर ठेवलं.

* * *

रिक्षात मागे तिघी आणि सानवी. पुढे मोटारसायकलवर दीपेश, कारण गुणवंतीने त्याला जवळच राहायला सांगितलं होतं. हौसा पाकीट पदरात घट्ट धरून बसली होती. मग दोघी जावा एकदम बोलू लागल्या, आणि शमिकाला कळलं की भांडण मिटलं आहे.

"ह्यांना काय सांगायचं नाय," हौसा म्हणाली. "डबीत ठेवायचा नि गप बसायचं."

"व्हय बाय. घरातली गोष्ट. आणि त्याचा वाटा..."

"त्याचं बघू. मी रितेशशी बोलतंय. चुकलंच आमचं थोडं."

"आणि मालनताई?" शमिकाने विचारलं.

"तिला बोलावून घेऊ की. उद्यापासून ये म्हणायचं. पाचशे वाढवून देऊ."

"काय म्हणून बोलावायचं?"

"म्हंजे?"

"म्हणजे काय सांगून? रुपया सापडला म्हणून? की चोरी आमच्या दीपेशने केली म्हणून?"

"सापडला म्हण. सापडलाच हाय की तो." गुणवंती म्हणाली. "आळीत लेकाचं नाव कशाला? त्याचं लग्न ठरवायचं हाय मला."

शमिकाची कानशिलं तापली. आत्ता अर्ध्या तासापूर्वी परक्या लोकांच्या हॉलमध्ये ही बाई न्यायासाठी टेबल आपटत होती. लांज्याचे मास्तर, ज्यांचा यांच्याशी काडीचा संबंध नाही, ते थरथरत उभे राहिले. आणि घरच्या रिक्षात बसल्याबरोबर सगळा न्याय पदराखाली गेला. पोराच्या लग्नाला डाग नको. मालनच्याही घरी उद्या लग्नाला येणारी मुलगी आहे, ईशा, बारावीला. तिच्या कॉलेजात आता काय म्हणत असतील?

आणि मी? चार पावलं मागे उभी होते ना मी?

"दादा," ती रिक्षावाल्याला म्हणाली, "खालच्या आळीकडे घ्या."

"शमिका, सरळ घरी चल."

"आई, तुम्ही सरळ घरी गेलात तर मी सानवीला घेऊन इथेच उतरते आणि एकटी जाऊन सांगते. सगळं सांगते. मला तुमच्यासारखं ओरडता येत नाही, पण दारोदार जाता येतं."

हौसाने तिच्याकडे पाहिलं. शमिकाला सासूची भीती वाटत होती, नेहमीसारखीच. तिने सानवीला मांडीवर आवळून धरलं होतं. रिक्षावाला आरशातून दोघींकडे बघत राहिला.

"घे रे आळीत," हौसा शेवटी म्हणाली. "आणि त्या पुढच्याला हॉर्न मार. त्याला पण थांबव."

मालन दारात बसून कोळंबी सोलत होती. आता ती तेच काम करायची, किलोवर. चौघांना बघून उठली नाही. हात थांबले नाहीत. सानवीने 'मालूमावशी' म्हणून हाक मारली, तेव्हा मात्र तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"मालन," हौसा म्हणाली. पाकीट पुढे केलं. "मिळाला हो."

"बरं झालं."

"तू नव्हतास घेतलेला."

"माहीत हाय मला."

"चुकलंच माझं. उद्यापासून ये कामाला. पोर आठवण काढते तुझी."

मालनने सोललेली कोळंबी पातेल्यात टाकली. "मिळाला कोणाकडं?"

गुणवंती चपलेकडे बघत होती. दीपेश मोटारसायकलवरून उतरलाही नव्हता. शमिकाने तोंड उघडलं, पण मालनने तिला ओल्या हाताने थांबवलं.

"तू नको शमिकाताई. तू त्या दिवशी पण गप होतीस." मग हौसाकडे वळून: "त्या दिवशी कसं बोललीस? इथं उभी राहून, आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. आता कानात सांगतेस?"

दुपारची वेळ. आळीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. हौसाने पदर खांद्यावर घेतला, कमरेला खोचला. शमिकाला वाटलं, ही आता वळणार आणि चालू लागणार.

"घरातल्यानंच घेतला," हौसा म्हणाली.

"ऐकू नाय आला."

"माझ्या घरातल्यानं चोरला!" आवाज पार वडाच्या झाडापर्यंत गेला. "आमच्या दीपेशनं! मालननं नाय! मी खोटं बोलले!"

समोरची खिडकी उघडली. मग शेजारची. एक बाई कडेवर पोर घेऊन ओट्यावर आली, दुसरी हात पुसत. दीपेशने मोटारसायकलची किल्ली फिरवली, पण गुणवंतीने पुढे होऊन त्याचं हँडल धरलं. ती रडत होती, पण हँडल सोडलं नाही.

मालन सगळ्यांकडे एकदा बघून घेऊन पुन्हा पाटावर बसली.

"कामावर मी यायची नाय," ती म्हणाली. "हे बरं चाललंय." तिने नवी कोळंबी उचलली, डोकं मोडलं. "आणि वरच्या वाडीत पण बोलली होतीस. माझ्या माहेरच्या लोकांत."

हौसाने पाकीट शमिकाच्या हातात दिलं, दीपेशच्या शर्टाची बाही धरली आणि वरच्या वाडीच्या चढणीला लागली.